वसतिगृहातील खुराक

गेल्या महिन्यात नवसारीच्या एका भगिनीचे पत्र आले. त्यांचे चिरंजीव बडोद्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतात व वसतिगृहात राहतात. दिवाळीत ते घरी आले तेव्हा उलगडा झाला की, दोन महिने त्यांनी मेसचे पैसे भरलेच नव्हते. त्या पैशांतून प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणला, सायंकाळी व्यायामशाळा धरली, आणि रात्रीचे जेवण म्हणून ती पावडर पाण्यात ढवळून घेतली. फळ काय, तर वजन दोन किलोंनी उतरले! सोबती त्यांना ‘काडी’ म्हणतात, हे त्यांनी आईला फार उशिरा सांगितले. “त्याला रागवावे, की दुसरा डबा आणून द्यावा?” असा त्या माउलीचा प्रश्न आहे.

आमचे उत्तर असे की, दोन्ही करू नये. ज्या शहरात जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकरावांनी तरुणांना व्यायामाची दीक्षा दिली आणि जेथे ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध झाले, तेथे शिकणाऱ्या मुलास बळकट व्हावेसे वाटणे हे आपल्या परंपरेस धरूनच आहे. इच्छा चुकली नाही, हिशेब चुकला.

व्यायामाने स्नायूंवर ताण येतो. त्यांची भरणी मात्र पुढे विश्रांतीच्या वेळी होते. त्या भरणीस प्रथिने लागतात, आणि शरीराचा नित्याचा खर्च भागून वर उरतील इतके उष्मांकही लागतात. उष्मांकच अपुरे पडले, तर शरीर प्रथिने इंधन म्हणून जाळू लागते. घर बांधण्यास आणलेले लाकूड चुलीत घालावे, तसा हा प्रकार. जेवण सोडून पावडर घेणाऱ्याचे वजन उतरते ते यामुळेच.

आता आकडे पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचविली आहेत. नेमाने वजने उचलणाऱ्यास साधारण १.६ ग्रॅमपर्यंत उपयोगी पडतात. म्हणजे ६० किलोच्या मुलास सुमारे ९५ ग्रॅम. मेसमध्ये दोन्ही वेळा पोटभर रोटली, भात, वरण, कडधान्याची उसळ व ताक घेतले, तर यांपैकी ४५ ते ५० ग्रॅम तेथेच पदरात पडतात. गहू-तांदळात जे अंश उणे, ते डाळींत असतात. म्हणून वरणभात हे गरिबाचे अन्न मानून टाकून देण्यासारखे नाही. आपल्याकडच्या मेसमधले वरण पातळ असते हे खरे. वाटी तळापासून ढवळून वाढून घ्यावी आणि एकीऐवजी दोन वाट्या घ्याव्यात.

उरलेली निम्मी बेगमी खोलीतल्या कपाटात होते. अर्धा लिटर दुधात सुमारे १६ ग्रॅम, ५० ग्रॅम फुटाण्यांत १०, मूठभर शेंगदाण्यांत १०. दोन उकडलेल्या अंड्यांत १२. आणि अंडी वर्ज्य असतील, तर २५ ग्रॅम सोयावड्या उकळत्या पाण्यात भिजवून, पिळून, मेसच्या रश्श्यात घालाव्यात. त्यांतही तेवढीच मिळतात. वसतिगृहात अंडी चालत नसतील, तर बाहेरच्या लारीवर उकडलेली मागावीत. काही मुले शौर्य म्हणून अंडे कच्चेच गिळतात. वस्तुतः शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने अधिक पचतात.

रविवारी सायंकाळी मेस बंद असते, आणि नेमक्या त्या रात्री मुले बिस्किटांवर निजतात. अशा वेळी बडोदेकरांची सेव-उसळ कामी येते. वाटाण्याची उसळ ती. शेव व तर्री बेताने घ्यावी, आणि वर एक पेला दूध प्यावे, की जेवण झाले. परीक्षेच्या दिवसांत जागरणापायी न्याहारी बुडते, तीही बुडू देऊ नये. झोप सात-आठ तास हवीच.

पावडरीविषयी आमचा आकस नाही. ‘व्हे’ म्हणतात ते चीज करताना निघालेल्या निवळीतले, म्हणजे दुधातलेच प्रथिन. जेवणावर वर घेतले तर पूरक. जेवणाऐवजी घेतले तर तोट्याचा सौदा. तसेच मल्लांच्या तुपा-बदामांच्या खुराकाचेही आहे. शेकडो जोर-बैठका काढणाऱ्यास तो शोभे. दिवसभर बाकावर बसणाऱ्याने त्याची नक्कल केली, तर स्नायूंऐवजी पोट वाढेल. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने तर प्रथिने वाढविण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घेतलाच पाहिजे.

नेम राखला तर महिन्याला किलोभर वजन वाढणे पुष्कळ झाले. महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी वजन करावे. रोज आरशापुढे उभे राहू नये.

आता शेवटचा शब्द मातेसाठी. चिवड्या-शंकरपाळ्यांचा डबा पाठवता, तो खुशाल पाठवा. पण त्यासोबत फुटाणे, दाण्याचे लाडू आणि भरूचची खारी सिंग यांचीही एकेक पिशवी असू द्या. मेसचे पैसे थेट मेसमध्ये भरा, पण ते मुलाला विश्वासात घेऊन. त्याच्या नकळत नव्हे. आणि सुटीत तो दारात येताच “किती रे वाळलास!” असे म्हणू नका. ‘काडी’ हा शब्द त्याने बाहेर पुष्कळ ऐकला आहे. घरी त्यास फक्त पान वाढावे, आणि तो जेवेपर्यंत जवळ बसावे.