तपकिरी रंगावर किती विसंबायचे?

हिमोलिसिसचा रुग्ण. हिमोग्लोबिन घसरलेले, एलडीएच चढलेले, पण बिलिरुबिन मात्र नॉर्मल. असा रिपोर्ट हाती आला तर आपण आधी रिएजंटवर संशय घेतो आणि सॅम्पल पुन्हा लावतो. ते योग्यच. पण १९९९ साली जपानमधून सहा वर्षांच्या एका मुलाची केस प्रसिद्ध झाली, त्यात दोष यंत्राचा नव्हता. त्या मुलाच्या शरीरात हीम ऑक्सिजनेज-१ म्हणजे एचओ-१ हे एन्झाइमच तयार होत नव्हते. तांबड्या पेशी फुटत होत्या, पण हीमचे बिलिरुबिन करणारी पहिली पायरीच गायब होती. २०११ मध्ये दिल्लीहून अशाच एका मुलीची नोंद झाली. हिमोलिसिसबरोबर मूत्रपिंडाचा दाह होता आणि प्लीहा नव्हती.

हीम फोडून बिलिव्हर्डिन, लोह आणि कार्बन मोनॉक्साइड मोकळे करणारे हे एन्झाइम १९६८ साली टेनहुनेन, मार्व्हर आणि श्मिड यांनी दाखवून दिले. त्याचे भावंड एचओ-२ मेंदूत आणि वृषणात कायम असते. एचओ-१ एरवी बेताचेच असते, पण हीम, जड धातू, उष्णता किंवा ऑक्सिडेटिव्ह ताण आला की झपाट्याने वाढते. त्यामुळेच संशोधकांना त्याचे इतके आकर्षण. आपल्या जयसिंगपूरच्या आसपास सांगली, मिरज, कोल्हापूर इथे वैद्यकीय आणि फार्मसी महाविद्यालयांची दाटी आहे. अमुक वनस्पतीच्या अर्काने यकृतातले एचओ-१ वाढले, असे सांगणारे लेख आमच्या मासिकाकडेही येतात. त्या साऱ्या डोलाऱ्याखाली आधार असतो तो अँटीबॉडीच्या एका छोट्या कुपीचा. तिच्याबद्दल लेखात जेमतेम एक ओळ असते, कधी तीही नसते.

आमचा आक्षेप इथेच आहे.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचेच घ्या. एचओ-१ सर्वांत जास्त कुठे सापडणार? जिथे रक्त झिरपले आहे आणि मॅक्रोफेज ते गिळत आहेत तिथे. पण त्याच मॅक्रोफेजमध्ये हिमोसिडेरिनही साठते, तेही तपकिरी. आपण वापरतो तो डीएबीचा रंगही तपकिरी. शिवाय तांबड्या पेशींमधले हीम स्वतःच पेरॉक्सिडेजसारखे वागते, त्यामुळे पेरॉक्साइडने केलेले ब्लॉकिंग अपुरे पडले तर अँटीबॉडी न लावताही स्लाइड रंगते. म्हणजे ज्या ऊतकात हा मार्कर सर्वांत महत्त्वाचा, तिथेच तो सर्वांत फसवा. उपाय महागडा नाही. प्राथमिक अँटीबॉडी वगळून एक सेक्शन लावा, शेजारचा सेक्शन पर्ल्स स्टेनने रंगवा, आणि शंका उरलीच तर एईसीसारखा लाल क्रोमोजेन घ्या. पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी प्लीहा आहेच. जुन्या तांबड्या पेशी तिथेच मोडत असल्याने तिच्या मॅक्रोफेजमध्ये हे एन्झाइम नेहमी भरपूर असते.

वेस्टर्न ब्लॉटची गोष्ट वेगळी. एचओ-१ चा बँड सुमारे ३२ किलोडाल्टनला आणि एचओ-२ चा ३६ ला. लहान जेल घाईत पळवली, मार्कर नीट सुटला नाही, की या दोन बँडमध्ये गल्लत व्हायला वेळ लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या चित्रांत तर बँडच्या वरखालचा सगळा भाग कापलेला असतो. मग वाचकाने काय तपासायचे? पुण्याच्या एनसीसीएसमधून आणलेल्या पेशींना रात्रभर हेमिन द्यावे आणि न दिलेल्या पेशींशेजारी ते नमुने चालवावेत. बँड गडद झाला नाही तर पुढचा प्रयोग थांबवावा.

साठवणीविषयीही बोलायला हवे, कारण आपला शिरोळ तालुका पुराचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या भागात वीज खंडित झाली होती. फ्रीज पुन्हा सुरू झाल्यावर कुपी बाहेरून अगदी पूर्वीसारखीच दिसते. गोठून वितळलेली किंवा तापलेली अँटीबॉडी रंग बदलून सांगत नाही, ते कंट्रोलच सांगतो. म्हणून कुपी आली की लहान भाग करून ठेवावेत आणि तापमानाची वही रोज भरावी. एचआरपी जोडलेल्या अँटीबॉडीत सोडियम अझाइड टाकू नये, ते पेरॉक्सिडेजलाच मारते. हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी ही चूक होते.

हे दुखणे केवळ लहान गावांतल्या प्रयोगशाळांचे आहे, असे कुणी समजू नये. वायकॅरॉस या आंतरराष्ट्रीय गटाने ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटीबॉडी तपासल्या. लक्ष्य प्रथिन ओळखूच न शकणाऱ्या अँटीबॉडीवर आधारलेले, प्रत्येक प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंध त्यांना सापडले. तपासणीची त्यांची रीत साधी होती: ज्या पेशींतून ते जनुक काढून टाकले आहे, तिथेही सिग्नल येतो का, ते पाहायचे. नॉकआउट पेशी आपल्यापैकी अनेकांच्या आवाक्यात नाहीत, हे मान्य. प्लीहेचा ब्लॉक मात्र मिरजेत किंवा कोल्हापुरात सहज मिळतो.

पुढील अंकापासून या मासिकात अँटीबॉडीवर आधारलेला लेख पाठवताना क्लोन, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, वापरलेले प्रमाण आणि पॉझिटिव्ह व निगेटिव्ह कंट्रोलची न कापलेली चित्रे सोबत जोडावीत. ती नसतील तर लेख परीक्षणासाठी पाठवला जाणार नाही.