दोर सोडणाऱ्याचा वाटा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढली जाते, ती कोणा एका शेटजीच्या भांडवलावर नव्हे. सभासदांनी आपापले जाळे आणून जोडायचे, होडीने ते समुद्रात सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर सर्वांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचे, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मासळी विकली गेली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा निराळा, अंगमेहनतीचा निराळा. कधीकाळी दोराला हात लावला होता, एवढ्या पुण्याईवर मुंबईत बसून अर्धी टोपली मागण्याची सोय त्यात नाही.

याच किनाऱ्यावरची मुले शिकून पुण्या-मुंबईस जातात, तेथे मित्रांसह ‘स्टार्टअप’ काढतात आणि पहिल्याच दिवशी हा व्यवहार विसरतात. मैत्रीला साक्षी ठेवून समभाग निम्मे-निम्मे वाटले जातात. कागदाचा विषय निघाला की ‘आपल्यात कशाला?’ हे ठरलेले उत्तर! आठ महिन्यांनी एकाला परदेशी नोकरी मिळते. तो जातो, त्याचे पन्नास टक्के मात्र जागच्या जागी राहतात. मागे उरलेला रात्रंदिवस राबतो आणि वाढलेल्या मोलाचा निम्मा भाग गेलेल्याच्या पदरात पडतो. याला मैत्री म्हणायचे की भोळसटपणा?

यावर ‘वेस्टिंग’ हा उपाय आहे. नाव परके असले तरी कल्पना रापणीचीच. समभाग एकदम हक्काचे न होता कामाच्या मुदतीप्रमाणे हक्काचे होत जातात. प्रचलित मुदत चार वर्षांची. पहिले वर्ष पुरे होण्याआधी सोडून जाणाऱ्यास काहीच नाही. निम्म्याचा भागीदार दीड वर्षाने बाहेर पडला, तर त्याच्याकडे कंपनीचे पावणेएकोणीस टक्के राहतात. उरलेले समभाग सहकाऱ्यांनी ठरल्या किमतीस परत घ्यायचे. मात्र हे केवळ आपसातील करारात लिहून भागत नाही. कंपनीच्या नियमावलीतही ते उतरवावे लागते, अन्यथा ते कंपनीवर बंधनकारक ठरत नाही, आणि नेमके हेच बहुतेकांच्या गावी नसते.

सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला, त्याच १९८१ साली पुण्यात सात जणांनी इन्फोसिस उभी केली. भांडवल दहा हजार रुपये, तेही सुधा मूर्ती यांच्या बचतीतले. १९८९ मध्ये अशोक अरोरा बाहेर पडले. पुढच्याच वर्षी सुमारे दहा लाख डॉलरला कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव आला. दशकभर ओढगस्त सोसलेल्या संस्थापकांना मोह पडणे स्वाभाविक होते. तेव्हा नारायण मूर्ती यांनी इतरांचे समभाग स्वतःच विकत घेण्याची तयारी दाखवली. कोणीही विकले नाहीत. १९९३ मध्ये ९५ रुपये दराने समभाग जनतेसमोर आले, तेव्हा त्यांना पुरेसे ग्राहकही मिळाले नाहीत! नंतर जे घडले ते सर्वज्ञात आहे. बारा वर्षे बाजाराचे तोंड न पाहता दोर धरून बसण्याची ही चिकाटी आजच्या ‘मूल्यांकना’च्या बातम्यांत कोठे दिसते?

आज वर्तमानपत्रांतून मिरवतो तो मिळालेल्या निधीचा आकडा. दिलेल्या हिश्श्याचा नव्हे. दर फेरीला वीस टक्के दिले, तर तीन फेऱ्यांनंतर सर्व संस्थापकांकडे मिळून ५१.२ टक्के उरतात. त्यातले निम्मे निघून गेलेल्या मित्राचे असतील, तर राबणाऱ्याकडे सुमारे चतुर्थांश राहतो. २०१८ मध्ये वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा सचिन बन्सल यांच्याकडे साडेपाच टक्क्यांच्या आसपास उरले होते. त्यांना भरपूर पैसा मिळाला, हे खरेच. पण भारतीय तरुणांनी उभारलेल्या कंपनीची मालकी कोठे गेली, हा प्रश्न त्या जल्लोषात कोणी विचारला?

सरकारच्या नावे बोटे मोडण्याची एक सबबही आता उरलेली नाही. २०१२ पासून छळणारा ‘एंजल टॅक्स’ २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द केला. पैसा देणारा आज समोर येऊन बसतो. समभागधारकांची यादी उघडून तो पहिला प्रश्न विचारतो तो एवढाच की, हे निम्मे ज्याच्या नावावर आहेत तो गृहस्थ सध्या कोठे असतो?