कॅमेऱ्यावर नजर कोणाची?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर निरपराध प्रवाशांवर गोळ्यांचा वर्षाव झाला. तेथील कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्ये पुढे कसाबविरुद्धच्या खटल्यात पुरावा ठरली. मुंबईत रस्तोरस्ती कॅमेरे हवेत, ही मागणी तेव्हापासूनची. निविदांच्या घोळात आठ वर्षे गेली. सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचे जाळे ऑक्टोबर २०१६ मध्ये पूर्ण झाले. हा विलंब अक्षम्यच होता. भर चौकात चारचौघांना दिसणारी गोष्ट पोलिसांनाही दिसली तर आभाळ कोसळत नाही. म्हणूनच खाजगीपणाच्या नावाखाली कॅमेऱ्यांना सरसकट विरोध करणाऱ्या मंडळींशी आम्ही सहमत नाही.

परंतु हवालदार पाहतो आणि विसरतो. कॅमेरा विसरत नाही. चेहरे ओळखणाऱ्या संगणकप्रणालीची जोड मिळाली की कोण कोणाला कोठे व किती वेळा भेटला, याची नोंदवही आपोआप तयार होऊ शकते. ती नोंदवही उद्या कोणाच्या हाती असेल? आणीबाणीत टपाल फोडले जात असताना, दारावर साध्या वेशातील पोलिसांची पाळत असताना ज्यांनी भूमिगत पत्रके घरोघरी पोहोचवली, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. त्या वेळी प्रत्येक चौकात असा डोळा असता, तर किती घरांत भूमिगत कार्यकर्त्याला एका रात्रीचा आसरा मिळाला असता?

आणीबाणीत जगण्याच्या हक्कासाठीदेखील न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये बहुमताने दिला. त्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, तेव्हा १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरविणारे निकालपत्र लिहिले त्यांच्याच पुत्राने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी! शासनाच्या हस्तक्षेपाला कायद्याचा आधार हवा, प्रयोजन वैध हवे आणि हस्तक्षेप त्या प्रयोजनाच्या प्रमाणातच हवा, अशी कसोटी तेथे सांगितली गेली.

२०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मात्र देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी शासकीय यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याची मुभा केंद्राला दिली आहे. सुरक्षेसाठी सूट हवी, हे मान्य. पण चित्रण कोणी पाहिले, कशासाठी पाहिले आणि ते केव्हा पुसले, याचा हिशेब ठेवल्याने सुरक्षेला कोणती बाधा येते? डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला, तो पाहणाऱ्यावरही नजर असावी म्हणूनच.

शासनाला हे विचारताना आपल्या गृहनिर्माण संस्थेकडेही पाहावे लागेल. जिन्यातील कॅमेरा चोरांसाठी बसविला जातो. अमक्याची मुलगी रात्री किती वाजता परतली, याची चित्रफीत व्हॉट्सॲपवर फिरविण्याचा अधिकार कार्यकारिणीला कोणी दिला, हे वाचकांनी येत्या वार्षिक सभेत अवश्य विचारावे.