पराग-पंचांग हवे!

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या दोन महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुका देशभर गाजला. काही गावांतील स्त्री-पुरुषांचे केस अचानक गळू लागले आणि पाहता पाहता सारी यंत्रणा हलली. पाण्याचे व मातीचे नमुने गोळा झाले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन गेले. ते योग्यच झाले. परंतु विपरीत घडले तरच जागे होणे हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा जुना दोष आहे. दरवर्षी ठरावीक हंगामात ज्यांचे नाक वाहू लागते, डोळे चुरचुरतात, रात्री धाप लागते, अशांची दखल कोण घेतो? ‘सर्दी आहे, हवा बदलली’ एवढ्यावर त्यांची बोळवण होते. मूल शाळेला मुकते, निंदणीला जाणारी बाई मजुरीला मुकते. आणि पुढच्या वर्षी तेच चक्र पुन्हा सुरू होते.

या त्रासाचे एक मोठे कारण हवेतील परागकण हे आहे. मँचेस्टरचे वैद्य चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ साली ते सप्रयोग दाखवून दिले. दोष डोळ्यांत भरणाऱ्या पळसाचा किंवा गुलमोहराचा नसतो. ज्यांची फुले दिसतही नाहीत, अशी वाऱ्यावर पराग उधळणारी गवते, वावळ, काटेमाठ, एरंड, मका, ज्वारी ही त्यातील प्रमुख मंडळी. हे कण बहुधा दहा मायक्रॉनहून मोठे असतात. शहरांतून लावलेली प्रदूषणमापक यंत्रे त्याहून लहान कणांचा हिशेब ठेवतात. म्हणजे फलकावर ‘हवा उत्तम’ असे झळकत असतानाही दम्याच्या रुग्णाला ती हवा असह्य असू शकते. परागांची मोजणी वेगळीच करावी लागते.

हवा आणि श्वास यांचे नाते आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते काय? चरकसंहितेने श्वासरोगाच्या कारणांत धूळ, धूर व वारा यांची गणना केली आहे. ढगाळ हवा, थंडी व पूर्वेचा वारा यांनी तमक श्वास बळावतो, हेही नोंदविले आहे. ऋतुचर्या ही तर आपल्या आरोग्यविचाराचा कणाच. पण वारशाचा नुसता अभिमान धरून रुग्णाला आराम पडत नाही. पूर्वजांनी निरीक्षण केले, म्हणूनच ते लिहू शकले. आज निरीक्षणाची पाळी आपली आहे.

आणि या बाबतीत हात पसरण्याचेही कारण नाही. बुलढाण्याला लागून असलेल्या मराठवाड्यात, तेथील विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी वायुजीवशास्त्राचा पाया घातला. त्यांनी घडविलेले ‘टिळक एअर सँपलर’ हे स्वदेशी यंत्र हवा ओढून त्यातील कण चिकटपट्टीवर टिपते आणि कोणत्या प्रहरी काय उडत होते ते सांगते. चंदीगडच्या पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेने आपल्या शहरासाठी परागांची ऋतुपत्रिकाही तयार केली. चंदीगडला जे जमले, ते विदर्भाला का जमू नये?

मात्र चंदीगडची पत्रिका चिखलीला चालणार नाही. खुद्द बुलढाणा जिल्हा एकसारखा नाही. घाटावरचे मेहकर, लोणार, सिंदखेडराजा वेगळे आणि घाटाखालचे मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद वेगळे. उष्णता, पाऊस आणि पिके बदलली की फुलोऱ्याची वेळ बदलते. म्हणून किमान दोन मोजणी केंद्रे हवीत. दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून कोणत्या पंधरवड्यात कोणते पराग वाढतात याचे पंचांग तयार होईल. त्याला पाऊस व वाऱ्याच्या अंदाजाची जोड दिली की आठवड्याचा इशारा देता येईल. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २१ नोव्हेंबर २०१६ रोजी वादळी हवेत गवताच्या परागांनी दम्याची साथ उसळली आणि दहा जण दगावले. त्यानंतर तेथे इशाऱ्याची व्यवस्था उभी राहिली. आपण तशा किमतीची वाट पाहावी काय?

दुसरा प्रश्न आपणच माजू दिलेल्या परक्या वनस्पतींचा. पुण्यात १९५५ साली प्रथम नजरेस आलेले गाजरगवत आज प्रत्येक गावाच्या वेशीवर उभे आहे. लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ म्हटले, आयात गव्हाला दोष दिला. पण नाव ठेवल्याने ते उपटले गेले नाही. त्वचेला खाज आणि श्वासाला त्रास या दोन्ही व्याधी ते देते. लोणार सरोवराच्या काठी माजलेली वेडी बाभूळही परागांच्या बाबतीत निरुपद्रवी नाही. झटपट हिरवळीचा मोह कसा अंगाशी येतो, हे जपानला विचारावे. युद्धोत्तर काळात तेथे लावलेल्या सुगी वृक्षांच्या परागांनी कोट्यवधी लोक बेजार झाले आणि २०२३ साली शासनाला ती लागवड दहा वर्षांत वीस टक्क्यांनी घटविण्याचे धोरण आखावे लागले. वृक्षारोपणाचे आकडे मिरविणाऱ्यांनी हा धडा ध्यानी ठेवावा.

शासनाने जिल्हा रुग्णालय, अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि हवामान खाते यांना एकत्र बसवावे. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी सूक्ष्मदर्शकाखालील मोजणीचा भार उचलावा. पण शासनाकडे बोट दाखवून समाजाची सुटका होत नाही. गावोगावी सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी वेशीवरच्या फुलोऱ्याची तारीखवार वही ठेवावी. पहिल्या पावसानंतर, गाजरगवत फुलण्यापूर्वीच, हातमोजे घालून ते समूळ उपटावे आणि मोकळ्या जागी तरोट्याचे बी फेकावे. घराघरांतून मातांनी मुलाचा त्रास कोणत्या तिथीला सुरू झाला ते दिनदर्शिकेवर टिपावे. डॉक्टरांना त्याचा उपयोग गोळ्यांच्या लांबलचक यादीहून अधिक होईल.

राष्ट्रसेवा म्हणजे केवळ भव्य संकल्प नव्हेत. शेजारच्या घरातील मुलाला रात्रभर निवांत श्वास घेता यावा यासाठी वर्षभर नेमाने केलेली नोंद, हीसुद्धा राष्ट्रसेवाच आहे. मुहूर्तासाठी पंचांग उघडणाऱ्या समाजाने आता श्वासासाठीही एक पंचांग सिद्ध करावे.