चुन-लीला खेळवतो कोण?

कौटुंबिक अत्याचाराच्या तक्रारी कमी होत नाहीत, चाळींच्या पुनर्विकासात बाईचे नाव कागदावर येत नाही, रेशनच्या रांगा तशाच, आणि हिला व्हिडिओ गेमवर लिहायचे आहे! हा सूर मी गेल्या काही बैठकांत ऐकला. सूर लावणाऱ्या परक्या नव्हत्या, आपल्याच कार्यकर्त्या होत्या. मला त्यांच्याशी भांडायचे आहे, म्हणून हा लेख.

आधी निमित्त सांगते. लालबाग-परळच्या चाळींत आमचा किशोरी गट चालतो. तिथल्या एका मंडळाच्या खोलीत टीव्ही आणि एक जुने प्लेस्टेशन आहे. संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत मुलगे तिथे खेळतात. गटातल्या सात मुलींनी आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास खोली मागितली. रीतसर अर्ज दिला. उत्तर आले, "पोरींना मारामारीचे गेम कशाला? हवा तर मेंदीचा वर्ग काढून देतो." मेंदीवर माझा राग नाही. पण हीच मंडळी वर्गणी मागत दारोदार येतात, तेव्हा पावतीवर 'फक्त मुलग्यांसाठी' असे छापलेले नसते.

मुलींना खेळायचा होता 'स्ट्रीट फायटर'. दोन खेळाडू, पडद्यावर दोन लढवय्ये, ज्याची 'लाइफ' आधी संपली तो हरला. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर २' आणला. त्यात खेळाडूला निवडता येणारे आठ लढवय्ये होते. सात पुरुष आणि एक बाई. तिचे नाव चुन-ली. बापाच्या खुनाचा माग काढणारी इंटरपोलची अधिकारी. आमच्या गटातली अकरावीतली एक मुलगी तिलाच निवडते. मी विचारले, हीच का? म्हणाली, "ताई, हिला घाई केली की हरते. हिला डोकं लागतं."

हे डोके म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ या. 'नुसती बटणे बडवायची' असे ज्या म्हणतात त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

चुन-लीचे काही मुख्य वार थेट निघत नाहीत, ते साठवावे लागतात. दांडा मागे किंवा खाली सुमारे सेकंदभर दाबून धरायचा, मग एकदम उलट दिशेला ढकलून बटण दाबायचे. तेव्हा कुठे तिची गरगर फिरणारी लाथ किंवा हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा निघतो. दांडा मागे-खाली तिरपा धरला की ती बसून समोरच्याचा मार अडवते, आणि त्याच वेळी दोन्ही वार साठत असतात. बघणाऱ्याला वाटते, बाई मागे सरली, घाबरली. प्रत्यक्षात बचाव करता करता तिची तयारी पूर्ण झालेली असते.

पण हे समोरच्यालाही ठाऊक असते. ती पुढे चालत आली की साठवलेले वाया जाते, हे तो ओळखून असतो. म्हणून मुरलेली खेळाडू एक वार चालू असतानाच पुढच्याची साठवण सुरू करते. उडी मारलेली असताना हवेतच दांडा मागे खेचून ठेवते. हळू जाणारा गोळा सोडते आणि त्याच्या आडोशाने स्वतः पुढे सरकते. आता समोरच्याला एकाच वेळी दोन संकटांचा विचार करावा लागतो.

दुसरी गोष्ट अंतराची. चुन-लीचे पाय लांब पोचतात. आपली लाथ टोकाला लागेल पण त्याचा हात पोचणार नाही, एवढ्याच अंतरावर उभे राहायचे. अर्धे पाऊल पुढे, अर्धे मागे. तो चिडून वार करतो, वार हवेत जातो, आणि त्याचा हात मागे जाण्याआधी आपली लाथ बसते. तिसरी गोष्ट मन ओळखण्याची. तो नुसता अडवत बसला तर जवळ जाऊन पकडायचे आणि आपटायचे. पकड सोडवण्याच्या तयारीत असला तर एक पाऊल मागे राहून लाथ घालायची. आता तो काय करील, हे त्याच्या मागच्या चार चुकांवरून ओळखायचे. आणि चौथी गोष्ट संयमाची. पहिला वार खरोखर लागला की त्याने अडवला, हे पाहूनच पुढचा मोठा वार टाकायचा की हात आवरायचा ते ठरवायचे. हे सगळे अशा खेळात, जिथे एका सेकंदाचे साठ भाग मोजले जातात.

हे बुद्धिबळापेक्षा हलके आहे असे मला कुणी सांगू नये.

आणि आता माझा खरा मुद्दा. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, बोटांच्या जन्मजात चपळाईतूनही येत नाही. ते येते आपल्यापेक्षा चांगल्या माणसाशेजारी बसून शंभर वेळा हरण्यातून. त्यासाठी लागते जागा, लागतो वेळ आणि लागते निर्धास्तपणे हरण्याची मुभा. या तिन्ही गोष्टी मुलग्यांना न मागता मिळतात. मुलीला अर्ज करावा लागतो, आणि अर्जाच्या उत्तरात मेंदीचा कोन येतो.

जागेचे बघा. १९९० नंतर गिरगाव, दादर, लालबागच्या गल्ल्यांत व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा १९९३ चा खेळ मुंबईने त्यातल्या एका पात्रावरून 'मुस्तफा' या नावानेच ओळखला. त्याच खेळात निवडता येणाऱ्या चौघांत हॅना नावाची बाईही होती, पण तिच्या नावाने खेळ कुणी ओळखला नाही. मी परळच्या चाळीत वाढले. शाळेच्या वाटेवर असे एक पार्लर होते. अंधारी खोली, पडद्यांचा उजेड, मुलांच्या पाठी. आम्हां मुलींना घरची शिकवण एकच, तिथून मान खाली घालून भराभर जायचे. पार्लरे पुढे बंद पडली. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. जागा बदलल्या, पण 'तिथे तुझे काय काम?' हा प्रश्न बदलला नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉइटर' (२०११) या पुस्तकात याच मुंबईबद्दल मांडले आहे की, बाईला रस्त्यावर यायला काहीतरी कामाचे कारण दाखवावे लागते. विनाकारण, मौजेसाठी बाहेर असणे हाही तिचा हक्क आहे. खेळाच्या खोलीला हे जसेच्या तसे लागू आहे.

वेळेचे बघा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकामात भाग घेणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकाम करतात आणि पुरुष ८८ मिनिटे. फरक २०१ मिनिटांचा. रोज तीन तासांहून जास्त सराव मुलग्याच्या खात्यात आपोआप जमा! मग स्पर्धेत तो पुढे गेला की म्हणायचे, मुलींना या खेळात गतीच नसते.

कौशल्य गल्लीत घडते याचा पुरावा लाहोरने दिला. अर्सलान अ‍ॅश हा तिथला खेळाडू २०१९ मध्ये 'टेकन ७' या अशाच लढतीच्या खेळात अमेरिकेतली 'इव्हो' स्पर्धा जिंकला. त्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत जगाला त्याचे नावही फारसे ठाऊक नव्हते. त्याने सांगितले की माझ्यासारखे आणखी आहेत घरी. एकमेकांशी रोज भिडणाऱ्यांचा गट हेच त्याचे विद्यापीठ होते. आमच्या सात मुली तेच मागत होत्या.

आता आपल्या मैत्रिणींचे आक्षेप. पहिला: या खेळांत बाईचे शरीर विकले जाते. खरे आहे, आणि त्यावर बोललेच पाहिजे. चुन-लीचा पोशाख मांडीपर्यंत चिरलेला. ती लढत जिंकली की लहान मुलीसारखी खिदळत उड्या मारते. खेळ घडत असताना, बाई कमी ताकदीची म्हणून तिची लाइफच इतरांहून आखूड ठेवावी, असे निर्मात्यांपैकी एकाचे म्हणणे होते. दुसऱ्याने ते होऊ दिले नाही. १९९१ च्या खेळाचा शेवटही बघा. नायक रियू बक्षीस घ्यायलाही न थांबता पुढच्या लढतीच्या शोधात निघतो. चुन-ली मात्र बापाच्या थडग्याशी जाऊन सांगते, आता मी पुन्हा साधी तरुण मुलगी होऊन जगेन. म्हणजे पराक्रम हा त्याचा धर्म आणि तिची तात्पुरती अडचण! पण यावर उपाय काय? सिनेमात बाईचे चित्रण वाईट म्हणून आपण सिनेमा करणे सोडले का? बायकांनी कॅमेरा हातात घेतला. इथे जॉयस्टिक हातात घ्यायची आहे.

कारण आज चुन-ली जिंकते ती बहुधा पुरुषाच्या हातून. या खेळांच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली लढत २००४ ची, कॅलिफोर्नियातली. चुन-लीच्या एकापाठोपाठ येणाऱ्या लाथा दाइगो उमेहाराने जवळपास संपलेल्या लाइफवर एकेक करून परतवल्या आणि सामना जिंकला. चुन-लीला खेळवणारा जस्टिन वाँगही पुरुषच. ती त्या खेळातली सर्वांत बलवान पात्रांपैकी एक, म्हणून पुरुषांनी तिला निवडले. बाईचे बळ वापरायचे, बाईला मात्र खोलीबाहेर ठेवायचे, ही रीत आपल्याला नवी नाही. अपवाद घडला तेव्हा काय झाले तेही सांगते. २०१६ च्या कॅपकॉम कप या जागतिक स्पर्धेत रिकी ऑर्टिझ ही ट्रान्स स्त्री चुन-ली घेऊन अंतिम फेरीपर्यंत गेली आणि दुसरी आली.

दुसरा आक्षेप: हिंसा. आपणच वस्त्यांत कराटेची शिबिरे घेतो ना? पडद्यावरच्या लाथेने कुणाचा दात पडत नाही. खरी हिंसा पडद्याबाहेर आहे. २०१२ मध्ये कॅपकॉमच्याच एका जाहीर स्पर्धेत एका खेळाडू स्त्रीला तिच्याच संघाच्या प्रशिक्षकाने कॅमेऱ्यासमोर सतत लैंगिक शेरेबाजी करून छळले. हा छळ म्हणजे या खेळाच्या संस्कृतीचाच भाग आहे, असे समर्थनही केले. तिने सामने सोडून दिले. त्याने नंतर माफी मागितली, पण तिचे सामने परत आले नाहीत.

तिसरा आक्षेप: हा रिकामटेकड्यांचा नाद, यातून जुगार लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळण्यावर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे आता इथे प्रशिक्षण, स्पर्धा, बक्षिसे, नोकऱ्या येणार. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई खेळांत 'स्ट्रीट फायटर' होता, भारतातर्फे दोघे खेळले, दोघेही पुरुष. मैत्रिणींनो, पंगत आत्ता बसते आहे. पाने वाढून झाल्यावर 'आम्हांलाही' म्हणायची सवय आपण कधी सोडणार?

गिरगावने ही लढाई एकदा लढलेली आहे. नवाकाळच्या खाडिलकरांच्या घरातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणी बुद्धिबळात उतरल्या. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, तेव्हा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की अशा स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेती झाली. तिला घरातच पट मिळाला होता आणि बरोबरीच्या बहिणी मिळाल्या होत्या. ज्या मुलींच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात, त्यांना तो पट कोण देणार?

"मग मुलींना वेगळी वेळ कशाला, मुलग्यांबरोबरच खेळा की," असेही मंडळाने सुनावले. लोकलच्या लेडीज डब्याबद्दल हेच म्हणतात. १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली ती बायकांना वेगळे ठेवायला नव्हे, त्यांना कामावर पोचवायला. मुलींचे दोन तास हा तसा डबा आहे. उतरायचे स्टेशन सगळ्यांचे एकच, खुली स्पर्धा.

म्हणून माझे म्हणणे असे. आपल्या प्रत्येक गटाने आपापल्या विभागातल्या मंडळांकडे, व्यायामशाळांकडे, समाजकल्याण केंद्रांकडे मुलींसाठी खेळाचे ठरलेले तास लेखी मागावेत, आणि नकारही लेखीच घ्यावा. शिकवायला शक्यतो मुलगीच असावी. आमची अकरावीतली मुलगी आजही शिकवू शकेल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था आणि स्पर्धेची ठिकाणेही येतात, हे प्रत्येक स्पर्धेच्या आयोजकाला ऐकवावे आणि तक्रार समिती कुठे आहे ते विचारावे. आणि घरात, मुलगा टीव्हीसमोर बसला असेल तेव्हा भांडी कोण घासते आहे, एवढे तरी बघावे.

मंडळाला आमचे दुसरे पत्र गेले आहे. यावेळी त्यावर सात मुलींबरोबर त्यांच्या आयांच्या, मावश्यांच्या आणि दोन आज्यांच्याही सह्या आहेत. दांडा मागे धरून आम्ही पुरेसे साठवले आहे.