भारदस्त माणसाची सायकल

“माझं वजन शंभराच्या वर आहे. मला सायकल झेपेल का?” हा प्रश्न बरेच जण विचारतात, पण हळूच, शेजारच्याला ऐकू जाणार नाही असा. मंडळी, यात लाजण्यासारखे काय आहे? गावोगावचे दूधवाले मागे दोन कॅन अडकवून वर्षानुवर्षे सायकल हाकत आले. ४० लिटरचा एक भरलेला कॅन ४० किलोच्या पुढे जातो. म्हणजे सायकलीला वजन नवे नाही. कोणती सायकल ते पेलते, एवढेच पाहायचे.

पण हे न पाहता घेतलेली सायकल महिन्याभरात गोठ्याच्या भिंतीला टेकते आणि तिच्यावर कोंबड्या बसतात. पैसे जातात ते जातातच. पण ‘आपल्याला हे जमायचे नाही’ असे मनाने एकदा घेतले, तर ते नुकसान मोठे. वास्तविक जड माणसाला सायकल चालण्यापेक्षा सोपी. अंगाचा बराचसा भार सीट घेते, गुडघ्यांना आराम मिळतो.

तेव्हा दुकानात गेल्यावर रंग, गिअर, चकचकीत चित्रे राहू द्या. आधी मागच्या चाकापाशी बसा. निम्म्याहून जास्त वजन त्याच चाकावर येते आणि सायकल खचते ती तिथेच.

बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर उभा राहतो. सायकलीचे तसे नाही. तिच्या तारा बाजेच्या सुंभासारख्या ताणलेल्या असतात. बाजेचा एक पेड सैल पडला की शेजारच्या पेडांवर ओढ येते, तसेच इथेही होते. शिवाय सैल तार चाकाच्या दर फेऱ्याला ढिली-ताठ होत राहते आणि वाकवून वाकवून तोडावी तशी हबजवळ तुटते. म्हणून जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत. आजच्या सायकलीत मागे ३६ तारा मिळाल्या तर उत्तम, ३२ च्या खाली जाऊ नका. शर्यतीच्या काही सायकलींना २० किंवा २४ तारा असतात. त्या हलक्या अंगाच्यांसाठी.

तारा नुसत्या मोजू नका, वाजवूनही पाहा. एकाच बाजूच्या तारा नखाने छेडल्या तर आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादी ‘थद्द’ वाजली तर ती सैल आहे. दुकानदाराकडून कसून घ्या. नवी सायकल महिनाभर चालवल्यावर पुन्हा एकदा तारा कसायला आणि चाकाची आउट काढायला न्या. जड माणसाने हा खर्च चुकवू नये. रिम ॲल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची असावी. ती मजबूत असते, आणि पावसात लोखंडी रिमवर ब्रेक सरकतो तसा हिच्यावर सरकत नाही. वजन जास्त तितकी सायकल थांबवायलाही ताकद लागते, हे विसरू नका.

गिअरची सायकल घेणार असाल तर एक प्रश्न विचाराच: “मागे कॅसेटचा हब आहे की आट्यावर बसवलेले फ्री व्हील?” जुन्या पद्धतीत पाच-सहा चक्रांचे फ्री व्हील हबच्या आट्यावर बसते. त्यामुळे उजवीकडचे बेअरिंग आत राहते आणि आस बाहेर लांब उघडी पडते. जड माणसाखाली ती वाकते, कधी मोडते. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग पार कडेला येते आणि आसेला आधार मिळतो. शिमानो या जपानी कंपनीने १९७८ मध्ये हा प्रकार बाजारात रुळवला. एकाच चक्राच्या साध्या सायकलीत ही अडचण नाही.

आता टायर. रेसच्या सायकलीचा टायर २५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या बोटापेक्षा थोडा जाड. डांबरी रस्त्यावर एक खड्डा लागला की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर घ्या. तो धक्का पोटात घेतो आणि पक्क्या रस्त्यावर पळतोही चांगला. किती हवा भरायची तो आकडा टायरच्या कडेवर उठवलेला असतो. वजन जास्त असेल तर हवा वरच्या आकड्याजवळ ठेवा, त्याच्या पुढे नको. मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त. आठवड्यातून एकदा पंप मारायलाच हवा.

पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असलेली सायकल पोरांना आवडते. स्वस्त सायकलीतली ती स्प्रिंग जड माणसाखाली आधीच दबून बसते आणि पॅडलचा जोर खाते. साधा, घट्ट चिमटा बरा.

बसण्याचे पाहू. बाक घेतलेल्या हँडलवर ओणवे झाले की पोट मांडीला लागते, दम कोंडतो, तळहात बधिर होतात. सुरुवातीला हँडल सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर असू द्या. सीट फार मऊ नको. आपण बसतो ते बुडाच्या दोन हाडांवर. मऊ स्पंजात हाडे रुततात आणि मधल्या भागावर दाब येतो. रुंद, घट्ट, खाली स्प्रिंगा असलेली सीट चांगली. उंची अशी लावा: सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. मग पावलाच्या पुढच्या भागाने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. पाय टेकायला सोपे म्हणून सीट फार खाली घेतली की गुडघे धरतात. घरातल्या वहिनी, काकूंनीही हेच पाहावे. फक्त दांडी खाली उतरती असलेली सायकल घ्यावी, म्हणजे साडीत चढणे-उतरणे सोपे जाते.

शेवटी माहितीपत्रक वाचा. त्यात किती वजन चालेल ते लिहिलेले असते आणि बहुधा त्यातच कॅरिअरवरचे सामानही धरलेले असते. तुम्ही ११० किलो, मर्यादा १०० ची, तर सायकल कितीही फुकट मिळो, परत करा. सोन्याची सुरी म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही.

रक्तदाब, साखर किंवा छातीचे काही दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग सपाट रस्त्याने १५-२० मिनिटे, एक दिवसाआड. चढ आला की उतरून चाला. दम लागला तरी बोलता यावे, इतकाच वेग ठेवा. पहिले चार-सहा दिवस बूड दुखेल, लोक बघतील. दुखणे आठ-पंधरा दिवसांत कमी होते, आणि लोकांचे बघणे त्याच्याही आधी थांबते.