हिरवा दिवा वीज गेल्यावर पेटतो का?

भंडारा, प्रतिनिधी : भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू दक्षता कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १० बालकांचा मृत्यू झाला. कक्षात त्या वेळी १७ बालके होती. त्यांपैकी ७ बालकांना बाहेर काढण्यात यश आले. मृतांपैकी बहुतेक बालके धुरात गुदमरून गेली. चौकशी झाली, अधिकारी निलंबित झाले, राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. मात्र त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ करोनाबाधित रुग्णांचा अंत झाला. त्यामुळे ‘तपासणी’ म्हणजे नेमके काय तपासले जाते, हा प्रश्न आजही कायम आहे.

हा प्रश्न केवळ रुग्णालयांचा नाही. तळमजल्यावर कापडाचे दुकान, पहिल्या मजल्यावर दवाखाना, त्यावर शिकवणी वर्ग आणि या सर्वांना मिळून एकच जिना, अशा इमारती जिल्ह्याच्या बाजारपेठांना नव्या नाहीत. अशा इमारतींची परीक्षा सर्वांत लहान वस्तूवरून घेता येते. ती वस्तू म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटेवरील आपत्कालीन दिवा आणि ‘एक्झिट’ असे लिहिलेला हिरवा फलक.

आग लागली की बहुधा वीजपुरवठा खंडित होतो किंवा खबरदारी म्हणून तो तोडावा लागतो. धूर प्रथम छताखाली साचतो आणि पाहता पाहता डोळ्यांच्या उंचीपर्यंत उतरतो. अशा वेळी माणूस ओळखीच्या वाटेकडे, म्हणजे ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे धावतो. दुसरे दार दहा पावलांवर असले तरी ते दिसले नाही, तर नसल्यासारखेच. दिल्लीतील ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षकांचा बळी गेला. तळमजल्यावरील रोहित्राच्या आगीचा धूर बाल्कनीपर्यंत पोहोचला, वीज गेली आणि प्रेक्षक काळोखात अडकले. तेथे आपत्कालीन दिव्यांची सोय नव्हती आणि वाढीव खुर्च्यांमुळे बाहेर पडण्याची वाटही अडली होती, हे पुढे न्यायालयात स्पष्ट झाले.

राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या अग्निसुरक्षाविषयक चौथ्या भागात या दिव्यांचे निकष दिले आहेत. नेहमीची वीज गेल्यापासून काही सेकंदांतच दिवा पेटला पाहिजे. सुटकेच्या मार्गाच्या मध्यरेषेवर जमिनीलगत किमान १० लक्स उजेड पडला पाहिजे आणि तो किमान दीड तास टिकला पाहिजे. दिवे नियमित तपासून सुस्थितीत ठेवावेत, असेही संहिता बजावते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ही जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. यंत्रणा बसविल्यावर परवानाधारक संस्थेचे ‘अ’ नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यानंतर दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र सादर करावे लागते. कायदा पुरेसा स्पष्ट आहे. गोम पुढेच आहे. ‘चालू स्थितीत’ हे शब्द कागदावर लिहिण्यापूर्वी मेन स्विच बंद करून कोणी पाहिले काय?

कारण या दिव्याचा दोष वीज असताना दिसतच नाही. फलक उजळलेला असतो आणि पाहणाऱ्याचे समाधान होते. आतील बॅटरी मात्र मृतवत झालेली असू शकते. विदर्भात हा धोका अधिक आहे. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीमागे सुमारे निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा गच्चीखालच्या जिन्यात लावलेल्या बॅटरीचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. दुकानातील इन्व्हर्टर किंवा जनरेटर पुरेसा आहे, हा समजही फसवा आहे. त्यांच्या तारा ज्या फलकातून जातात, तोच फलक पेटला तर तो उजेडही जातो. शिवाय जनरेटर सुरू होण्यासही वेळ लागतो.

यावरील उपाय खर्चिक नाही. अमेरिकेतील संहितेनुसार अशा दिव्यांची दरमहा किमान ३० सेकंद आणि वर्षातून एकदा पूर्ण ९० मिनिटे बॅटरीवर चाचणी घ्यावी लागते व तिची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे नगर परिषदांनी ‘ब’ प्रमाणपत्र स्वीकारताना अशी नोंदवही मागितली, तर कोणत्या दिवशी, कोणता दिवा, किती मिनिटे पेटला हे कळेल. नोंद नाही तर प्रमाणपत्र नाही, एवढी शिस्त पुरे आहे. प्रमाणपत्राची प्रत प्रवेशद्वाराशी लावण्याची सक्ती केली, तर पालक आणि ग्राहकही ती पाहू शकतील.

वीज जाणे भंडारेकरांना नवे नाही. भारनियमनाची वर्षे या जिल्ह्याने सोसली आहेत आणि आजही वादळवाऱ्यात दिवे जातात. इमारतमालकाने तेवढ्या वेळात जिन्यात येऊन उभे राहिले, तर चाचणी विनाखर्च पार पडते.

नवजात शिशू दक्षता कक्षातील ती आग दिव्यांमुळे लागली नव्हती, आणि तेथील बालकांना दिवा दिसून उपयोगही नव्हता. त्यांना चालता येत नव्हते. वाट दिसावी लागते ती त्यांना उचलून नेणाऱ्यांना. प्रत्येक जानेवारीत ‘ब’ प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने एकदा मेन स्विच खाली ओढावा आणि जिना उतरून पाहावा.